अकरा नंबरचा बावटा : वादळाचे इशारे आणि ‘काही कळलेलं नाही’ हे उत्तर



आत्ता सभागृहाकडे येताना मी स्वारगेटच्या एसटी स्टँडवरून चालत आलो, आणि तिथे आलो की मला एक जुनी गोष्ट आठवते. नुकताच नोकरीला लागलो होतो. पावसाळ्याचे दिवस, महाडला जायचं होतं. महाडची गाडी भोरवरून वरंधा घाटातून जाते, आणि त्या घाटात दरड केव्हा येईल याचा नेम नसतो. चौकशीच्या खिडकीत मी विचारलं, “घाट चालू आहे ना?” आतले गृहस्थ म्हणाले, “बंद असल्याचा निरोप नाही. पण सकाळपासून भोरचा फोनच लागत नाहीये, तेव्हा चालू आहे असंही मी म्हणणार नाही. तुम्ही बघा.”

मी त्या वेळी वैतागलो. धड हो नाही, धड नाही नाही. पुढे आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवताना लक्षात आलं की त्या खिडकीत बसलेल्या माणसाने एका वाक्यात जे सांगितलं, ते समजावून द्यायला मला वर्गात तीन-तीन तास लागत. आज तेच सांगणार आहे, पण वादळांच्या इशाऱ्यांच्या इतिहासातून. निमित्त माझ्या भाच्याचं आहे. तो संगणकाच्या क्षेत्रात काम करतो आणि सध्या एक छोटं सॉफ्टवेअर लिहितोय. हल्लीचे ते एआय एजंट असतात ना, म्हणजे नुसती उत्तरं न देता आपल्या वतीने चार कामं करणारे प्रोग्राम, त्यांना हवामान खात्याचे चक्रीवादळाचे अधिकृत इशारे थेट वाचता यावेत, असं ते साधन आहे. त्याने मला ते दाखवलं. काय दाखवलं ते शेवटी सांगतो.

आधी थोडं शास्त्र. घाबरू नका, थोडंच आहे. सातव्या शतकात कुमारिल भट्ट नावाचे मोठे मीमांसक होऊन गेले. त्यांनी प्रश्न असा घेतला की एखादी गोष्ट ‘नाही’ हे आपल्याला कळतं कशाने? जमिनीवर घडा आहे हे डोळ्यांनी कळतं. घडा नाही हे कशाने कळतं? ‘नाही’ काही डोळ्यांना दिसत नाही. त्यांचं उत्तर असं की न दिसणं हेच इथे ज्ञानाचं साधन. त्याला अनुपलब्धी म्हणतात. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नाही, त्यांचं म्हणणं निराळं, तो वाद आज नको. पण एका अटीवर बहुतेकांचं एकमत आहे. ते न दिसणं ‘योग्य’ हवं. म्हणजे वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. तिथे एवढंच म्हणायचं, की मला दिसलं नाही.

आता वादळांकडे वळू. ‘सायक्लोन’ हा शब्द आपल्याकडेच, कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाचे गृहस्थ तिथे जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचं काम पाहत. जहाजांच्या नोंदवह्या वाचता वाचता वारा वर्तुळात फिरतो हे त्यांना पक्कं कळलं, आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी ग्रीक भाषेतून हा शब्द रूढ केला. अर्थ काय, तर सापाचं वेटोळं. (आमच्या वेदान्तात दोरीवर साप दिसतो, यांना वाऱ्यात दिसला.) याच पिडिंग्टननी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसींना जाहीर पत्र लिहून कळवलं होतं की मातला नदीवर नवं बंदर बांधताय ते बांधू नका, वादळाची लाट आली की सगळं वाहून जाईल. बंदर बांधलं गेलं, कॅनिंग पोर्ट. १८६७ च्या वादळात त्याची दैना झाली, आणि थोड्याच वर्षांत ते सोडून द्यावं लागलं. पिडिंग्टन १८५८ मध्येच गेले होते.

मधल्या काळात, ५ ऑक्टोबर १८६४ ला, कलकत्त्यावर भयंकर वादळ आलं. हजारोंनी माणसं मेली, हुगळीतली जहाजं एकमेकांवर आपटून फुटली. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. आपल्या देशातली ही पहिली. हे जमलं ते तारायंत्रामुळे, कारण इतिहासात प्रथमच निरोप वादळापेक्षा वेगाने धावू लागला. १८७५ मध्ये ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली भारतीय हवामान खातं स्थापन झालं. १८८६ पर्यंत देशातली सगळी बंदरं इशाऱ्यांच्या व्यवस्थेखाली आली, आणि १८९८ मध्ये सगळ्या बंदरांसाठी एकच खुणांची पद्धत ठरली.

या खुणा म्हणजेच आपले कोकणातले बावटे. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. खरं म्हणजे तो झेंडा नसतो. दिवसा डोलकाठीवर शंकू आणि पिंपासारखे आकार चढवतात, रात्री दिवे लावतात. पण मराठीत तो बावटाच. एक आणि दोन म्हणजे दूर समुद्रात काहीतरी आहे. तीन-चार म्हणजे बंदरालाच सावधगिरी. पाच, सहा, सात म्हणजे धोका, आणि आठ, नऊ, दहा म्हणजे महाधोका. वादळ बंदराच्या कुठल्या बाजूने जाणार किंवा थेट अंगावर येणार, यावरून या तीन-तीन आकड्यांतला एक ठरतो.

इथपर्यंत ठीक. पण आकडे अकरापर्यंत आहेत. अकरावा काय असेल असं तुम्हाला वाटतं? मला वाटलं होतं की महाधोक्याच्याही वरचा, प्रलयाचा असेल. तसं नाही. अकरा नंबरचा अर्थ असा : हवामान केंद्राशी असलेला आमचा संपर्क तुटला आहे, आणि इथल्या स्थानिक अधिकाऱ्याला हवा बिघडेल अशी भीती वाटते आहे.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. काय केलंय बघा त्यांनी. तार तुटली, तर कालचा बावटा तसाच ठेवायचा का? ठेवला तर खलाशी म्हणेल, कालच्यासारखंच आहे. की काठी रिकामी ठेवायची? रिकामी ठेवली तर तो म्हणेल, धोका नाही, आणि होडी लोटेल. दोन्ही खोटं. म्हणून ‘आम्हाला काही कळलेलं नाही’ हे सांगण्यासाठीच एक स्वतंत्र खूण ठेवली, आणि ती रिकाम्या काठीपासून दुरूनही वेगळी ओळखू येईल अशी ठेवली. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी कुमारिल वाचला असण्याची शक्यता नाही. पण योग्य अनुपलब्धी आणि नुसतं न दिसणं यांतला फरक त्यांनी डोलकाठीवर टांगून ठेवला.

या कथेत आपलं पुणंही आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आपण अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतो आणि चौकालाही तेच नाव. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, तरी ‘पुणे वेधशाळेचा अंदाज’ हा शब्दप्रयोग अजून घरोघर आहे, त्यावरचे विनोदही. ते विनोद आता थोडे जुने झालेत. आता वादळाचा मार्ग चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतो. अवघड गोष्ट पुढची असते, म्हणजे कळलेलं पोचवणं, आणि पोचलं नाही तर ‘पोचलं नाही’ हे कळणं.

पुण्याला हे शिकवायला वादळाची गरज नव्हती. १२ जुलै १९६१ तुमच्यातल्या माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. पानशेत फुटलं. आम्ही नारायण पेठेत राहत होतो, मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडे रेडिओ नव्हता. कुजबुज सुरू झाली तशी वडील शेजाऱ्यांना विचारून आले आणि आईला म्हणाले, “रेडिओवर काही नाही, म्हणजे काही नाही.” शेजाऱ्यांचा रेडिओ चालू होता की बंद, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो आणि इथे जवळच, आत्याच्या घरी येऊन राहिलो. आमच्या घराची एक भिंत उरली. वडिलांनी नंतर तो विषय कधी काढला नाही, आणि आम्हीही नाही.

दुसरा अनुभव ३ जून २०२० चा. निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. इशारे वेळेवर होते, हजारो लोकांना आधीच हलवलं होतं, त्यामुळे मनुष्यहानी त्या मानाने फार कमी झाली. मात्र श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. इथे पुण्यातही झाडं पडली. माझ्या सौभाग्यवतींचं माहेर श्रीवर्धनकडे आहे. चार दिवस फोन लागत नव्हता. वीज गेलेली, मोबाइलचे मनोरे बंद. मी घरात शहाणपणा करत होतो, “वाईट बातमी असती तर आली असती.” त्या म्हणाल्या, “कशावरून आली असती? कुठून आली असती?” पस्तीस वर्षं प्रमाणशास्त्र शिकवलेला माणूस मी. गप्प बसलो.

इशारा पोचला की काम झालं, असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. इशारे आधीच निघाले होते. तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा २६१ माणसांसह समुद्रातच राहिला, नांगर सुटले, आणि १७ मेला तो बुडाला. तो आणि वरप्रदा हे जहाज मिळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. तिथे अडचण न कळण्याची नव्हती. आलेला इशारा वाचून काय ठरवायचं, कोणी ठरवायचं, याची होती. ती कुठलंही सॉफ्टवेअर सोडवणार नाही. तो निराळा विषय आहे आणि त्यावर माझ्यापेक्षा अधिकारी माणसं बोलतील.

आता यंत्रांकडे. हे एआय मॉडेल प्रचंड मजकूर वाचून तयार होतं. त्याला अमुक वादळाबद्दल विचारलं तर ते वाचलेल्यातून बोलतं. त्यात काय धोका आहे त्याचं एक मुंबईचंच उदाहरण आहे. जून १८८२ मध्ये मुंबईवर चक्रीवादळ आलं आणि लाखभर माणसं मेली, अशी नोंद कितीतरी याद्यांत, पुस्तकांत, संकेतस्थळांवर वर्षानुवर्षं फिरत होती. अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ लिहिताना तिचा माग काढायचा प्रयत्न केला, आणि त्यांना काही सापडेना. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास आहे. लाख माणसं मेली म्हणजे दर आठांत एक. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून तिथे होती, वर्तमानपत्रं भरपूर होती, आणि एकातही हे नाही! इथे मात्र न दिसणं हा पुरावा आहे, कारण ते घडलं असतं तर दिसलंच असतं. ते वादळ झालंच नाही. पण ज्या यंत्राने ती नोंद शंभर ठिकाणी वाचली, त्याच्या दृष्टीने ते झालं.

म्हणून यंत्राला म्हणायचं, तुझ्या आठवणीतून सांगू नकोस, मूळ ठिकाणी जाऊन विचार. न्यायशास्त्रात शब्दप्रमाण आप्ताचंच घ्यायचं असतं. ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगायची इच्छा आहे, तो आप्त. चक्रीवादळाच्या बाबतीत आपल्याकडे आप्त म्हणजे हवामान खातं. त्याच्यापर्यंतची वाट बांधून देणं, हे या नव्या साधनांचं काम.

वाटेचा पाया आधीपासून आहे. इशारे यंत्रांना वाचता यावेत म्हणून २००४ मध्ये ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’ नावाचा एक जागतिक नमुना ठरला. आपल्याकडची राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही यंत्रणा त्याच नमुन्यावर चालते. तो एक छापील अर्ज आहे असं समजा. पाठवणारा कोण, केव्हा पाठवला, कुठल्या भागासाठी, केव्हा संपतो, खरा आहे की चाचणी, नवा आहे की आधीचा रद्द करणारा, असे त्यात रकाने आहेत. २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाइल एकदम कर्कश वाजले होते, आठवतंय? तो चाचणीचा संदेश होता, आणि तसं त्यात लिहिलेलं होतं. वाचायच्या आधीच अर्धी बस घाबरली, ते सोडा. मला त्या अर्जात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तीव्रता, निकड आणि खात्री या तिन्ही रकान्यांत ‘अज्ञात’ असं लिहायची सोय आहे. अकरा नंबर तिथे जिवंत आहे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला. एआयला बाहेरची साधनं जोडायची ही एक सामाईक पद्धत. कुठल्याही कंपनीच्या चार्जरसाठी एकच पिन असावी, तसं. नवशिक्यांना ती शिकवायला जो धडा त्यांनी दिला त्यात उदाहरण कशाचं घेतलं, तर हवामानाच्या इशाऱ्यांचं! अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेकडून एखाद्या राज्याचे चालू इशारे आणायचे. भाच्याने तो धडा मला ओळीओळीने समजावला. यादी व्यवस्थित आली आणि रिकामी असली, तर तो प्रोग्राम म्हणतो की या राज्यात इशारा नाही. हे योग्य आहे. पण मागवलेली माहितीच आली नाही तर तो जे वाक्य परत देतो, त्याचा अर्थ होतो : इशारे आणता आले नाहीत, किंवा इशारे नाहीत.

किंवा! मित्रहो, त्या ‘किंवा’च्या एका बाजूला तुटलेली तार आहे आणि दुसऱ्या बाजूला शांत समुद्र. तो शिकण्यापुरता नमुना आहे, कोणी त्यावर होड्या सोडलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण नमुन्यावरूनच लोक पुढचं लिहितात. आणि ते वाक्य माणूस वाचत नाही, दुसरं यंत्र वाचतं. ते सारांश काढून पुढे मराठीत सांगणार. सारांशात दोनांतला एक तुकडा गळतो, आणि सहसा कुठला गळतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

कल्पना करा, एखाद्या मच्छीमार संस्थेने असा एजंट ठेवला आहे. पहाटे चारला तो इशारे बघतो आणि सगळ्या तांडेलांना संदेश पाठवतो. बरोबर त्या वेळी सर्व्हरवर गर्दी आहे, कारण वादळ आलंय म्हटल्यावर सगळेच तिथे धावतात. म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच उत्तर न येण्याची शक्यता जास्त. पूर्वीही तारा तुटायच्या त्या वादळातच.

तर भाच्याने मला त्याचं साधन दाखवलं ते असं. त्याने विचारलं, रत्नागिरी किनाऱ्याला इशारा आहे का? उत्तर आलं, सध्या कुठलाही इशारा नाही. छान. मी म्हटलं, आता ते वायफाय बंद कर आणि पुन्हा विचार. त्याने केलं. उत्तर तेच आलं, त्याच गोड मराठीत, सध्या कुठलाही इशारा नाही.

पोरगं हुशार आहे, त्याला लगेच कळलं. मी त्याला अकरा नंबरची गोष्ट सांगितली. पुढच्या रविवारी तो परत आला. आता त्याचं साधन तीन वेगळी उत्तरं देतं : इशारा आहे, अमुक वाजता पाहिलं, इशारा नाही, आणि संपर्क झाला नाही, मला माहीत नाही, बंदरावर विचारा. हे तिसरं उत्तर एजंटने बदलून सांगायचं नाही, असंही त्यात लिहिलंय. आतल्या मजकुरात त्याने त्या उत्तराला ‘बावटा ११’ असं नाव दिलंय.

एक गोष्ट मात्र आमच्यात अजून मिटलेली नाही. वादळाच्या काळात हवामान खात्याची पत्रकं साधारण तीन-तीन तासांनी निघतात. समजा संपर्क तुटला, पण दोन तासांपूर्वीचं पत्रक साधनाकडे जपून ठेवलेलं आहे. ते सांगायचं की नाही? भाचा म्हणतो, वेळ लिहून सांगावं, काही नसण्यापेक्षा बरं. मी म्हणतो, तांडेल वेळ वाचणार नाही, तो ‘इशारा नाही’ एवढंच वाचेल, म्हणून आधी अकरा नंबर लावावा आणि जुनं पत्रक कोणी मागितलं तरच दाखवावं. त्याचं म्हणणं पडलं की मी बंदरावर कधी राहिलेलो नाही. ते खरंच आहे. तुमच्यात कोकणातले, होडीवर वाढलेले कोणी असतील तर आता प्रश्नोत्तरांत त्यांनीच सांगावं, मला ऐकायचं आहे.